अडून बसलेला स्क्रू

(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण. सभासद भगिनींच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



चैत्रातल्या हळदीकुंकवाला व्याख्यान ठेवायचे म्हटले, की आहार, आरोग्य, मुलांचा अभ्यास असे विषय सुचतात. आज आंब्याची डाळ आणि पन्हे यांच्या शेजारी मी गंजलेला स्क्रू मांडून ठेवला आहे. मळसूत्र हा त्याचा जुना मराठी शब्द. फळ्यावर विषय लिहिला तेव्हा एका भगिनीने तो घाईत ‘मंगळसूत्र’ असा वाचला आणि विषय फार चांगला निवडला म्हणून मला शाबासकीही दिली. तिची आज थोडी निराशा होईल. परंतु हे दुसरे सूत्रही घर बांधून धरणारेच आहे, एवढे ऐकून घ्यावे.

विषयाचे कारण आपल्या पायांखालीच आहे. मंडळाच्या माडीपुढचा हा लाकडी सज्जा आपण सगळ्या रोज ओलांडतो. त्याला १४ फळ्या आहेत. प्रत्येक फळी खालच्या तीन कड्यांवर दोन-दोन स्क्रूंनी बसवली आहे. म्हणजे फळीमागे सहा आणि एकूण ८४ स्क्रू झाले. चौऱ्यांशीचा फेरा म्हणतात तो हाच, असे आपल्या चिटणीसबाईंचे म्हणणे आहे. दाराजवळच्या दोन फळ्या गेल्या पावसाळ्यापासून पाय ठेवताच कण्हू लागल्या आहेत आणि एकीचे टोक बोटभर वर उचलले आहे. खाली बालवाडी भरते. मुलांची जा-ये ह्या सज्जाखालूनच होते. तेव्हा ही नुसती दुरुस्तीची हौस नाही.

दुरुस्तीसाठी आलेल्या एका कारागिराने वरवर पाहिले, एक-दोन स्क्रूंवर हात चालवला आणि निकाल दिला : “बाई, ह्यातला एकही निघायचा नाही. पहार लावून सगळे मोडून काढू, लोखंडी अँगल टाकू, वर सिमेंटचा पत्रा.” खर्चाचा आकडा ऐकून आपली कार्यकारिणी गप्प झाली. मी जिन्यातून वाकून फळ्या खालून पाहिल्या. चाकूच्या टोकाने जरासे खरवडताच आतून पिवळसर तांबूस सागवान दिसले. लाकूड खणखणीत आहे. कुजले आहे ते लोखंड.

मला आज एवढेच सांगायचे आहे. जुन्या घरातले लाकूड पुष्कळदा शाबूत असते. मरते ते त्यात बसवलेले लोखंड. आणि लोखंडावरचा राग आपण लाकडावर काढतो. नगरच्या जुन्या पेठांतून वाडे उतरले, त्यांची दारे-खिडक्या भंगाराच्या गाड्यांवर जाताना आपण पाहिली आहेत. त्यांतली कितीतरी दारे केवळ बिजागरीचे चार स्क्रू फिरेनात म्हणून चौकटीसकट फोडून काढलेली असतात. चार स्क्रूंपायी शंभर वर्षांचे सागवान जाते. हा व्यवहार कोणाही गृहिणीला पटू नये.

माझ्या माहेरी, संगमनेरला, सुतारकाम होते. पोरवयात वडिलांच्या हाताखाली गिरमिट आणि पटाशी देण्याघेण्याचे काम माझ्याकडे असे. त्यामुळे ह्या गोष्टी मी हातांनी शिकले. त्यांत बळापेक्षा क्रम महत्त्वाचा आहे, आणि क्रम कोणालाही शिकता येतो.

तसे पाहिले तर ह्यातले निम्मे आपणां सर्वांना स्वयंपाकघरातून ठाऊकच आहे. एकात एक अडकलेले दोन पेले आपण कसे सोडवतो? आतल्यात गार पाणी ओततो आणि बाहेरचा ऊन पाण्यात धरतो. लोणच्याच्या बरणीचे झाकण हटून बसले तर कडेला चमच्याने चारदा टिचकावतो, कोरडे फडके घेतो, तळवा झाकणावर दाबतो आणि मग फिरवतो. ऊब, टिचकी, घट्ट पकड आणि दाब ही चारच औषधे आहेत. स्क्रूलाही तीच लागू पडतात.

आधी रोग पाहू. स्क्रू का अडतो? पहिले कारण गंज. लोखंड गंजले की जागा अधिक व्यापते. मूळ लोखंडाच्या दुपटीहूनही अधिक फुगते. भोक तेवढेच राहते, आतला पाहुणा लठ्ठ होतो. दुसरे कारण लाकडातला तुरटपणा. बाभळीत तो भरपूर असतो, सागातही काही असतो. अकोल्याच्या डोंगरातला हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई पूर्वी घरोघर करीत. हिरड्यातला तुरट अंश आणि हिराकशीतले लोखंड मिळून ती काळी होते. जुन्या बाभळीच्या फळीत स्क्रूभोवती जो काळा डाग दिसतो, ती ह्याच जातीची शाई. लाकूड आणि लोखंड एकमेकांना हळूहळू खात असल्याची ती खूण आहे.

तिसरे कारण हवामान. आपल्या एका जिल्ह्यात दोन मुलुख आहेत. घाटघर-रतनवाडीकडे सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस थांबता थांबत नाही, आणि पाथर्डी-जामखेडकडे ढगांकडे पाहून मान दुखते. पहिल्या मुलुखात लोखंड गंजून मरते, दुसऱ्यात लाकूड आळते आणि चिरते. नगर शहर कोरड्या मुलुखातले; पण सज्जा उघडा असल्याने त्याला दोन्ही भोगावे लागतात. पावसाळ्यात लाकूड आडव्या अंगाने फुगते आणि स्क्रूला आवळते; वैशाखात ते आळते आणि पकड थोडी सुटते. म्हणून हे काम करण्याचे दिवस हेच. मृग लागण्यापूर्वी, म्हणजे ७ जूनच्या आत, फळ्या काढून पुन्हा बसवून झाल्या पाहिजेत.

चौथे कारण माणूस. कोणीतरी भलत्याच मापाचा पेचकस लावून डोक्यावरची खाच खाऊन टाकलेली असते. त्यावर रंगाचे चार हात बसलेले असतात. अडलेल्या स्क्रूंपैकी पुष्कळ असे माणसाने अडवलेले असतात.

आता स्क्रूची तोंडओळख. आपल्या सज्जाचे जुने स्क्रू एका सरळ खाचेचे आहेत. फार जुन्या वाड्यांत स्क्रू नसतच. लाकडाचे टोक दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसवून पाचर ठोकीत किंवा लोहाराने घडवलेले खिळे वापरीत. टोकदार लाकडी स्क्रू यंत्रावर मोठ्या प्रमाणात होऊ लागले ते १९ व्या शतकाच्या मध्यास. बर्मिंगहॅमजवळ नेटलफोल्ड आणि चेंबरलेन यांनी १८५४ साली अमेरिकन पेटंटाचे हक्क घेऊन असा कारखाना काढला, आणि नेटलफोल्ड हे नाव पुढे हिंदुस्थानातल्या सुतारांच्याही तोंडी बसले.

मागाहून कोणी बसवलेल्या काही स्क्रूंवर फुली आहे. दुकानदार त्याला स्टार स्क्रू म्हणतात. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांना १९३६ साली त्याची पेटंटे मिळाली आणि त्याच साली कॅडिलॅक मोटारीच्या कारखान्याने तो वापरला. यंत्राने स्क्रू झपाट्याने बसवताना फुलीत टोक आपोआप मधोमध बसते, हा त्याचा गुण. परंतु जोर वाढला की पेचकसाचे टोक फुलीतून वर चढते, हा त्याचा अवगुण, आणि काढताना आपल्याला तोच नडतो. फुलीच्या चार हातांमध्ये आणखी चार बारीक रेषा कोरलेल्या दिसल्या तर तो पॉझिड्राइव्ह जातीचा स्क्रू समजावा. त्याचे टोक वेगळे मिळते. त्यावर ‘पीझेड’ अशी अक्षरे असतात, साध्या फुलीच्या टोकावर ‘पीएच’. दोन्हींत दोन नंबर सर्वांत अधिक लागतो.

आता कामाचा क्रम सांगते. तो मोडू नये.

पहिली गोष्ट, खाच स्वच्छ करणे. दाभण किंवा मोडक्या करवतीच्या पात्याचा तुकडा घेऊन खाचेतला रंग आणि माती तळापर्यंत कोरून काढावी. जुना रंग कोरडा खरवडू नये. ओल्या फडक्याने भिजवून काढावा, नाकाला रुमाल बांधावा आणि कचरा मुलांच्या हाताशी ठेवू नये. जुन्या तैलरंगांत शिसे असे. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग इतकी खाली आली ती २०१६ च्या नियमांनी, १ नोव्हेंबर २०१७ पासून. आपल्या सज्जाचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

दुसरी गोष्ट, पेचकस. त्याचे पाते खाचेच्या पूर्ण रुंदीचे हवे आणि टोक कानशीने सपाट केलेले हवे. घरातल्या पेचकसाने आपण डबे उघडतो आणि नारळाची शेंडी काढतो. मग तो स्क्रूला लागत नाही म्हणून कुरकुरतो. खाचेत पाते ठेवून हलवून पाहावे. डगमगले तर ते पाते त्या स्क्रूचे नव्हे.

तिसरी गोष्ट, दाब. बसून, हात लांब करून स्क्रू निघत नाही. गुडघ्यांवर यावे, खांदा सरळ स्क्रूच्या वर आणावा आणि अंगाचा भार पेचकसावर टाकावा. भार अधिक आणि पीळ कमी, हे प्रमाण ध्यानात ठेवावे. आणि फिरवण्यापूर्वी पेचकसाच्या मुठीवर हातोडीने पाच-सहा बेताच्या टिचक्या द्याव्या. त्यासाठी ज्याची सळई मुठीतून आरपार गेली आहे असा पेचकस घ्यावा, नाहीतर मूठ फुटते. टिचक्यांनी गंजाचा पापुद्रा तडकतो. गंज कठीण असला तरी ठिसूळ असतो.

चौथी गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. सोडवण्याआधी स्क्रू किंचित आवळावा. केसभर जरी पुढे गेला तरी बंध तुटला असे समजावे. मग डावीकडे वळवावा. पाव फेरा मागे, किंचित पुढे, पुन्हा पाव फेरा मागे. रुसलेल्या माणसाची समजूत काढताना आपण आधी त्याच्याच बाजूने दोन शब्द बोलतो, तसेच हे आहे. सगळी गोम पहिल्या दोन फेऱ्यांत आहे. पाते एकदा जरी घसरले तरी थांबावे. ‘अजून एकदा जोर लावून बघते’ ह्या वाक्यानेच खाचा जातात.

एवढ्याने न निघाला तर ऊब द्यावी. सोल्डरिंगचे आयर्न मिळाले तर उत्तम. नाहीतर जाड खिळा पकडीत धरून गॅसवर लाल करावा आणि स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवावा. लोखंड तापले की फुगते. ४० मिलिमीटर लांबीचा स्क्रू १०० अंशांनी तापला तर लांबीत सुमारे ०.०५ मिलिमीटर वाढतो. हे केसाच्या जाडीइतके झाले. पण गंजाची मिठी सुटायला केसभर हालचाल पुरते. मग तो पूर्ण गार होऊ द्यावा आणि नंतर फिरवावा. ज्या डोक्यावर जुना रंग आहे तिथे आधी रंग काढल्याशिवाय ऊब देऊ नये. त्याचा धूर वाईट.

तेलाविषयी बोलते. पूर्वी घरात रॉकेल असे आणि सर्व रोगांवर तेच औषध असे. आता शिलाईच्या मशीनचे पातळ तेल किंवा फवाऱ्याचे गंजनाशक मिळते. त्यांतले डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत निघाले. पाणी हटवणाऱ्या द्रव्याचा चाळिसावा प्रयोग साधला म्हणून नावात ४० आला, अशी त्याची कथा आहे. बिजागरीत किंवा नटबोल्टात तेल चांगले काम करते. लाकडात मात्र बेताचे, कारण स्क्रूच्या आट्यांपर्यंत पोचण्याआधी ते लाकूडच पिऊन टाकते. शिवाय डाग पडतो, नंतर रंग धरत नाही आणि चालायची फळी निसरडी होते. म्हणून सज्जावर तेल थेंबाने घालावे, रात्रभर मुरू द्यावे. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा : जिथे तेल घातले तिथे ऊब द्यायची नाही. ऊब आधी, तेल मागाहून. त्याउलट कधीही नाही.

आता खाच अगोदरच कोणी खाऊन टाकली असेल तर काय? फुलीचा स्क्रू असल्यास सायकलच्या ट्यूबचा लहान तुकडा डोक्यावर ठेवून त्यावरून पेचकस दाबावा. रबर पोकळीत भरते आणि पकड येते. स्क्रू फारसा अडलेला नसेल तर एवढ्याने निघतो. डोके फळीच्या वर आलेले असेल तर लोखंड कापायच्या करवतीने त्यावर नवी सरळ खाच पाडावी. किंवा डोके कुलूप-पकडीत धरून पकडच फिरवावी. स्क्रू नुसताच गरागरा फिरतो आणि वर येत नाही, असेही होते. तिथे लाकडातले आटे झिजलेले असतात. फळीखाली पातळ पटाशी सारून दुसरीने अलगद उचलून धरावे आणि पहिलीने फिरवत राहावे. हे काम दोघींचे आहे.

ह्यातले काहीच चालले नाही तर हट्ट सोडावा आणि डोके कापून टाकावे. स्क्रू वाचवायचा नाही, फळी वाचवायची आहे, हे विसरू नये. आपले जुने स्क्रू ८ आणि १० नंबरचे आहेत. ८ नंबरची दांडी सुमारे ४.२ मिलिमीटर जाड, १० नंबरची सुमारे ४.८. डोक्याच्या बरोबर मध्यावर पोगराने खूण ठोकावी, पोगर नसल्यास जाड खिळ्याने. दांडीपेक्षा किंचित जाड, म्हणजे ४.५ किंवा ५ मिलिमीटरचे पोलादाचे टोक बॅटरीच्या ड्रिलला लावावे आणि सावकाश, दाबून फिरवावे. डोके चकतीसारखे सुटून वर येते. सहाही डोकी गेली की फळी सरळ वर उचलता येते आणि दांड्या खालच्या कडीत उभ्या राहतात. आता त्यांना पकडीने धरून फिरवणे सोपे, कारण धरायला काही तरी हाताशी आले. हे करताना डोळ्यांवर चष्मा हवाच. पदर खोचलेला हवा, ओढणी बांधलेली हवी आणि हातातल्या बांगड्या वर सारलेल्या हव्यात. उलट्या आट्यांचे काढणी-टोकही बाजारात मिळते. दांडीत भोक पाडून ते डावीकडे फिरवले की आत रुतते आणि स्क्रूला घेऊन बाहेर येते. परंतु ते फार कठीण पोलादाचे असते; आत मोडले तर दुखणे दुप्पट होते. त्यापेक्षा डोके कापणे बरे.

धनुर्वाताविषयी दोन शब्द. तो गंजाने होत नाही. त्याचे बीज माती-धुळीत असते आणि गंजका खिळा ते खोल टोचतो. ज्यांना लस घेऊन दहा वर्षे झाली असतील त्यांनी कामाला येण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

स्क्रू निघाला म्हणजे काम झाले असे नाही. जुने भोक मोठे झालेले असते. त्यात सागाची किंवा बांबूची बेताची खुंटी फेव्हिकॉल लावून ठोकावी, रात्रभर वाळू द्यावी, वरचा भाग पटाशीने सपाट करावा. मग नवा स्क्रू घालण्याआधी कडीत सुमारे ३ मिलिमीटरचे भोक पाडावे आणि फळीत स्क्रू मोकळा जाईल एवढे. भोक न पाडता ठोकून-पिळून बसवलेला स्क्रू हा उद्याचा अडलेला स्क्रू. आट्यांना मेणबत्तीचे मेण चोळावे. साबण चोळण्याची जुनी सवय आहे, पण साबण ओल धरून ठेवतो. स्क्रू घ्यायचे ते स्टेनलेस स्टीलचे. त्या पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असते. त्याचा डोळ्यांना न दिसणारा थर वर बसतो आणि गंज आत शिरू देत नाही. दाराच्या पितळी बिजागरीला मात्र पितळीच स्क्रू लावावे, कारण ओलीत पितळ आणि लोखंड एकत्र आले की लोखंड लवकर जाते. पितळ मऊ असते. म्हणून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी घालून काढावा, वाट तयार करावी, मग पितळी घालावा. ही युक्ती वडिलांची.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. कितीही चांगला स्क्रू असो, तो धरायला खाली कडी शाबूत हवी. प्रत्येक फळी उचलली की खालच्या कडीत दाभण टोचून पाहावे. निरोगी सागात ते जेमतेम टोकभर जाते. लोण्यात सुरी गेल्यासारखे आत गेले, किंवा पोकळ आवाज आला, किंवा मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर तिथे कूज किंवा वाळवी आहे. तिथे आपले कसब संपले. त्या जागी दोरी बांधायची, कोणी उभे राहायचे नाही आणि जाणत्या सुताराला बोलवायचे. भीड धरून ‘एवढ्याने काही होत नाही’ असे कोणी म्हणू नये. खाली मुले आहेत.

काही भगिनींच्या मनात प्रश्न असेल, की हे काम बायकांचे आहे का? ह्या गावात लूना तयार होत असे. १९७२ साली ती बाजारात आली आणि आपल्यातल्या कितीतरी जणी तिच्यावर बसून नोकरीला गेल्या. आपल्या शेजारी लष्कराची रणगाडा शाळा आहे, रणगाड्यांचे संग्रहालय आहे. नटबोल्ट आणि स्क्रू ह्या गावाच्या पाणवठ्यालाच आहेत. ते घरात आले की तेवढे पुरुषांचे होतात, असे का मानावे? शिवाय घरातला पुरुष माणूस हे करीलच असा भरवसा नाही. तो उद्या करतो. सावेडीच्या फ्लॅटमध्येही बिजागरीचा स्क्रू ढिला होतोच. आणि ज्या घरात पुरुष माणूस नाही त्या घरातले दारही नीट लागायला हवे.

म्हणून माझी विनंती आहे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता, उन्हाच्या आत, माडीवर यावे. घरात असतील ते पेचकस, कानस, पकड आणि ओले फडके आणावे. फळ्या काढताना प्रत्येकीवर खडूने आकडा घालू, म्हणजे ज्या जागेची फळी त्याच जागी जाईल. एकीने काढावे, दुसरीने धरावे, तिसरीने वाटीत जुने स्क्रू मोजून घ्यावे. सज्जावर पडलेला एकही खाली बालवाडीच्या अंगणात जाता कामा नये. निघालेल्या फळ्यांच्या जागी कोणी पाय टाकू नये म्हणून दाराला आतून कडी राहील. पहार मात्र कोणीही आणू नये.



ता. क. : स्मरणिका छापायला जाण्यापूर्वी एवढे कळवणे जरूर आहे, की तीन रविवारी मिळून सर्व फळ्या निघाल्या. बहुतेक स्क्रू साफसफाई, टिचकी आणि दाब यांनीच हलले. काहींना ऊब द्यावी लागली, आणि हटून बसलेल्यांची डोकी कापली. जिन्याकडच्या कडीचे टोक दाभणाला मऊ लागले. तो भाग दोरी बांधून बंद ठेवला आणि ती कडी सुताराकडून बदलून घेतली. एक फळी टोकाशी चिरलेली निघाली, ती नवी घातली. बाकीच्या १३ जुन्याच आहेत, आणि मृगाच्या आत आपापल्या जागी बसल्या आहेत. काढलेले स्क्रू एका बरणीत मंडळाच्या कपाटात ठेवले आहेत. पुढच्या वर्षी शिकायला येणाऱ्यांना गंज दाखवण्यासाठी ते उपयोगी पडतील.